मुक्काम दिल्ली

संमेलने आणि परिषदा यांचे एक वैशिष्ट्य असे की, त्यांत संमत झालेले ठराव काही वर्षांतच विस्मरणात जातात. परंतु त्या निमित्ताने पाहिलेले गाव आणि चाखलेले पदार्थ मात्र दीर्घकाळ स्मरणात राहतात. परिषदेस निघालेला गृहस्थ सांगतो की, आपण विचारविनिमयासाठी चाललो आहोत. तो परतल्यावर मंडळी त्याला विचारतात ती तेथील किल्ल्याविषयी आणि मिठाईविषयी. यात ओशाळे होण्याचे काही कारण नाही. परक्या गावाची ओळख डोळ्यांनी आणि जिभेने होते, तशी ती व्याख्यानांनी होत नाही.

परिषदांचे शहर म्हणून दिल्लीची बरोबरी करील असे दुसरे शहर भारतात नाही. १८७७, १९०३ आणि १९११ या तीन वर्षी इंग्रजांनी येथे दरबार भरविले. १९४७ च्या वसंत ऋतूत, स्वातंत्र्य अवघ्या काही महिन्यांवर असताना, पुराण्या किल्ल्यात आशियाई राष्ट्रांची परिषद झाली. १९५६ साली युनेस्कोचे अधिवेशन भरले आणि त्या सुमारास विज्ञान भवन उभे राहिले. २०२३ साली जी-२० राष्ट्रांचे प्रमुख येथेच जमले. या नगरीत मराठी भाषकांनीही आपले साहित्य संमेलन दोनदा भरविले आहे. पहिले १९५४ साली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष, काकासाहेब गाडगीळ स्वागताध्यक्ष आणि उद्घाटक पंडित नेहरू. त्याच वर्षी साहित्य अकादमीची स्थापना झाली होती आणि राज्य पुनर्रचना आयोगाचे काम चालू होते; त्यामुळे महाराष्ट्राच्या भवितव्याची चिंता प्रतिनिधींच्या मनात घर करून होती. दुसरे संमेलन भरण्यास पुढे ७१ वर्षे लोटावी लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली ९८ वे संमेलन तालकटोरा स्टेडियममध्ये पार पडले. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतरचे ते पहिलेच संमेलन. पुण्याहून साहित्यिकांना घेऊन आलेल्या खास गाडीला महादजी शिंद्यांचे नाव देण्यात आले होते.

महादजींचे नाव आणि तालकटोऱ्याची जागा, ही दोन्ही ऐकून इतिहासाच्या वाचकाच्या मनात एक प्रश्न सहज उभा राहतो. जवळजवळ पाऊणशे वर्षे मराठ्यांचा दिल्लीशी निकटचा संबंध होता. त्यांपैकी काही वर्षे तर बादशहाचे रक्षण आणि शहराचा कारभार हे त्यांच्याच हाती होते. मग या शहरात पाहण्यासारखे आणि खाण्यासारखे असे आपण काय मागे ठेवले? संमेलनाच्या बैठकांतून सवड काढून शहर पाहावयास निघालेल्या प्रतिनिधीने हा प्रश्न बरोबर न्यावा. सरकारी कामानिमित्त येथे वर्षानुवर्षे राहणाऱ्या आपणांस तर तो टाळता येण्याजोगा नाही.

प्रारंभ तालकटोऱ्यापासूनच करावा. ताल म्हणजे तळे आणि कटोरा म्हणजे वाटी. वाटीच्या आकाराच्या जुन्या तलावावरून या बागेचे हे नाव पडले. राष्ट्रपती भवनाच्या मागे, रिजच्या कुशीत ही जागा आहे. १७३७ साली बाजीराव मेवातच्या बाजूने, दहा मजलांची वाट दोन दिवसांत तोडून, अकस्मात दिल्लीपाशी येऊन ठाकला. रामनवमीच्या सुमारास कालिकादेवीच्या देवळाजवळ यात्रा भरली होती, तेथे मराठ्यांनी लूट केली आणि राजधानीत हाहाकार उडाला. दुसऱ्या दिवशी बादशाही फौज बाहेर पडली. रकाबगंज व तालकटोरा यांच्या परिसरात मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे आदी सरदारांनी तिचा पराभव केला. शहर जाळावे असे प्रथम बाजीरावाच्या मनात होते; परंतु तसे केल्यास पुढील राजकारणाचा धागा तुटेल, हे ध्यानात घेऊन त्याने तो बेत सोडल्याचे चिमाजीअप्पास लिहिलेल्या त्याच्या पत्रावरून कळते. दोन-चार दिवसांत तो आल्या वाटेने परतला. दिल्लीच्या बाजारातला एकही रस्ता त्याने आतून पाहिला नाही. मराठी माणसाची आणि दिल्लीची ही मोठी भेट अशी वेशीवरची झाली.

यानंतर एकदोन वर्षांतच दक्षिणेतून आणखी एक पाहुणा दिल्लीत आला. त्याचे नाव दर्गाह कुली खान. निजामुल्मुल्क आसफजहा याच्या परिवारातला हा तरुण अंमलदार धन्याबरोबर १७३८ साली आला आणि १७४१ पर्यंत येथे राहिला. उत्तरायुष्यात औरंगाबादेस त्याने मोठा अधिकार भोगला. नादिरशहाच्या कत्तलीने, मार्च १७३९ मध्ये, ही नगरी रक्ताने न्हाली. तो काळ त्याच्या मुक्कामातच येतो. तरीसुद्धा त्याने फार्सीत दिल्लीचे जे वर्णन लिहून ठेवले त्यात दर्गे आहेत, उरूस आहेत, गवई आणि नर्तकी आहेत, चांदणी चौकातली दुकाने आहेत, आणि जेथे रोज कवी जमून एकमेकांस आपली रचना ऐकवीत ते कॉफीचे कट्टेही आहेत. एका उमरावपुत्राची गोष्ट तो सांगतो : चांदणी चौक पाहण्याची मुलाची हौस पुरवावी म्हणून आईने त्याच्या हाती एक लक्ष रुपये दिले आणि वर बजावले की, एवढ्या रकमेत तेथल्या उत्तम वस्तू काही मिळणार नाहीत, बारीकसारीक गरजा तेवढ्या भागतील. धन्याच्या चाकरीवर आलेल्या एका दख्खनी माणसाने तीन वर्षांत या शहराची चव आपल्या कागदावर उतरवली.

याच सुमारास पेशव्यांचे वकीलही दिल्लीत राहत होते. नाशिककडील हिंगणे घराण्याने ही वकिली पिढीजात सांभाळली. महादेवभट, त्यांच्या मागे बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम, देवराव हे पुत्र. परमुलखी नेमणुकीवर गेलेल्या मराठी अधिकाऱ्यांचे हे खरे पूर्वज म्हटले पाहिजेत. त्यांची पत्रे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ‘हिंगणे दप्तर’ या नावाने छापली आहेत. पुढील काळातल्या वकिलांची पत्रे पारसनिसांनी ‘दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे’ या ग्रंथात संगृहीत केली. ही पत्रे वाचताना त्यांच्या चातुर्याचे कौतुक वाटते. कोणत्या वजिराचे कोणाशी बिनसले, सनद कोठे अडली, कोणाची फौज कोठवर आली, रुपये किती देणे आणि किती येणे, याची टिपणे इतकी बारकाईची आहेत की, अठराव्या शतकातील दिल्लीचा इतिहास लिहिणाऱ्याला मराठी कागदांवाचून पाऊल टाकता येत नाही. मोगल साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिताना जदुनाथ सरकारांनीही हा आधार घेतला. मात्र दिल्लीची सकाळ कशी उगवते, हलवायाच्या कढईत काय तळले जाते, जुम्मा मशिदीच्या पायऱ्यांवर कोण बसते, याविषयी ही पत्रे बहुधा मुकी आहेत. पुण्याला ते जाणून घ्यावयाचे नव्हते, म्हणून वकिलांनी ते लिहिले नाही. ब्राह्मण वकिलाच्या घरची चूल शहरापासून अलग असणे हेही त्या काळच्या आचाराला धरूनच होते.

लाल किल्ल्यात शिरल्यावर दिवाण-ए-खासपाशी मराठी प्रेक्षकाने क्षणभर थांबावे. आज वर दिसणारे छत लाकडाचे आहे. एके काळी ते रुप्याने मढविलेले होते. ऑगस्ट १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, तेव्हा फौजेचा पगार आणि शिधा यांसाठी पैसा उरला नव्हता. भाऊंनी ते रुपे उतरवून त्याची नाणी पाडली. शहाजहानच्या वैभवाचा विध्वंस म्हणून या कृत्यास दोष देणारे पुष्कळ आहेत, आणि मित्रपक्षातील सूरजमल जाटासही ते रुचले नाही असे म्हणतात. पण त्या कृत्यामागे फौजेची भूक होती हेही विसरता येत नाही. यापुढची कथा सर्वांस ठाऊक आहे. दिल्लीहून उत्तरेस पानिपतावर मराठी छावणी ऑक्टोबरअखेरीपासून अडकून पडली; रसदेचे मार्ग तुटले; रसद पाठविणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. शेवटी अन्नावाचून मरण्यापेक्षा लढून मरू, असा निश्चय होऊन १४ जानेवारी १७६१ चा रणसंग्राम घडला. आज पानिपत राजधानी परिक्षेत्रातच मोडते आणि काला अंब येथील स्मारकापर्यंत सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. वाटेवर मुरथलचे ढाबे लागतात; लोण्याचे गोळे घातलेले पराठे खाण्यासाठी दिल्लीकर तेथे मुद्दाम जातात. ज्या वाटेवर लाखाची छावणी दाण्यासाठी तळमळली, त्याच वाटेवर आज एवढी समृद्धी आहे, हे ध्यानात आले म्हणजे मराठी माणसाला तो घास गिळण्यापूर्वी थोडे थांबावेसे वाटते.

पानिपतानंतर दहा वर्षांनी महादजी शिंद्यांनी दिल्ली पुन्हा घेतली आणि जानेवारी १७७२ मध्ये शहाआलम मराठ्यांच्या संरक्षणाखाली आपल्या राजधानीत परतला. १७८४ साली बादशहाने पेशव्यांस वकील-ए-मुत्लक हे सर्वाधिकाराचे पद दिले व महादजी त्यांचे नायब झाले. १७८८ च्या ऑगस्टात गुलाम कादराने किल्ल्यात शिरून बादशहाचे डोळे काढले. ऑक्टोबरात मराठी फौजेने दिल्ली सोडवली. तेव्हापासून १८०३ पर्यंत लाल किल्ल्यावरील संरक्षणाचा हात शिंद्यांचाच होता. चांदणी चौकातील प्रसिद्ध घंटेवाला हलवाई याच काळातला. आमेरहून आलेल्या लाला सुखलाल जैन यांनी १७९० साली हे दुकान घातले असे परंपरा सांगते. पुढे सव्वादोनशे वर्षे ते अखंड चालले आणि २०१५ मध्ये त्याला टाळे लागले, तेव्हा साऱ्या शहराने हळहळ व्यक्त केली. म्हणजे ज्या वर्षी महादजींची सत्ता उत्तरेत कळसास पोहोचली होती, त्याच वर्षी आमेरचा एक साधा हलवाई या चौकात आपली कढई मांडीत होता. महादजी १७९४ साली पुण्याजवळ वानवडीस निवर्तले आणि ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेच्या पूर्वतीरावर पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा मोड केला. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानात, हिरवळीच्या मधोमध उभा आहे. तो इंग्रजांनी उभारलेला आहे. मराठ्यांच्या सत्तेची दिल्लीतील खूण पाहावयाची तर ती त्यांच्या पराभवाच्या स्तंभावर पाहावी लागते. हलवायाची कढई मात्र तिच्यानंतर दोन शतके तापत राहिली.

मराठ्यांनी काहीच मागे ठेवले नाही, असे मात्र नाही. कालकाजीच्या देवळाचा सर्वांत जुना उभा भाग १७६४ च्या सुमाराचा असून तो मराठ्यांनी बांधला असे मानतात. उत्तरेकडील रिजवर हिंदुराव रुग्णालय आहे. त्याचे नाव रोज हजारो रुग्णांच्या तोंडी असते, पण ते कोणाचे हे फार थोड्यांस ठाऊक असते. बायजाबाई शिंद्यांचे बंधू, कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदुराव, ग्वाल्हेरच्या राजकारणातून बाहेर पडल्यावर दिल्लीत येऊन राहिले. १८३५ साली इंग्रज कमिशनर विल्यम फ्रेझरचा खून झाला, त्यानंतर त्याची रिजवरची हवेली हिंदुरावांनी घेतली. शिकारीचा शौक आणि मोकळ्या हाताचा पाहुणचार यांसाठी ते विख्यात होते. ते १८५५ साली वारले. दोनच वर्षांनी त्यांचे घर इंग्रजांचे मोर्चाचे ठिकाण बनले आणि लढाईच्या बातम्यांतून त्यांचे नाव जगभर गेले. जवळच फिरोजशहा तुघलकाने मीरतेहून आणलेला अशोकस्तंभ आहे. दोन्ही एका फेरीत पाहून होतात. दिल्लीत घर करून राहिलेल्या आणि पाहुण्यांस जेवू घालणाऱ्या या एका मराठी सरदाराचे नाव शहराने जपले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

खाण्याच्या बाबतीत आपली एक देणगी काही अभ्यासक सुचवितात. अकबराच्या काळातील ‘आईन-ए-अकबरी’त दिलेल्या पदार्थांच्या साहित्यात मिरी आहे, आले आहे, लाल मिरचीचा उल्लेख नाही. मिरची पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आली, दख्खनमध्ये रुजली आणि अठराव्या शतकात मराठी फौजांच्या बरोबर उत्तरेत पसरली, असे हे अनुमान आहे. ते खरे असेल तर फतेहपुरी मशिदीशेजारच्या खारी बावलीत, जेथे मिरचीच्या पोत्यांमुळे येणाऱ्याजाणाऱ्यास ठसका लागतो, तेथे मराठ्यांचे एक निनावी स्मारक आहे असे म्हणावयास हरकत नाही.

याउलट पंजाब्यांची गोष्ट पाहावी. १९४१ च्या शिरगणतीत दिल्लीची वस्ती सुमारे ९ लाख १८ हजार होती. १९५१ मध्ये ती १७ लाख ४४ हजारांवर गेली. या दहा वर्षांत फाळणीने निर्वासित झालेली सुमारे पाच लाख माणसे येथे आली. त्यांच्यामागे सत्ता नव्हती, सनद नव्हती आणि परतण्यास गावही नव्हते. लजपतनगर, पटेलनगर, राजेंद्रनगर अशा वसाहतींतून त्यांनी सामायिक तंदूर पेटविले. पेशावरहून आलेल्या कुंदनलाल गुजराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दर्यागंजात मोतीमहल काढले, आणि तंदुरी कोंबडी हा पुढे साऱ्या जगाने दिल्लीचा मानलेला पदार्थ तेथून प्रसिद्धीस आला. छोले-कुलचे रस्तोरस्ती आले, पनीर घरोघर गेले. जुन्या दिल्लीची खाद्यपरंपरा तत्पूर्वीची होती : बेडमी पुरी आणि रस्सेदार बटाट्याची भाजी, पराठेवाली गल्ली, पहाटेची निहारी, १९१३ साली जामा मशिदीजवळ निघालेले करीमचे भोजनगृह, आणि दुधाचा फेस घुसळून केलेली, थंडीतच मिळणारी, जिभेवर टेकताच विरणारी ‘दौलत की चाट’. ही परंपरा आपल्या गल्ल्यांत टिकून राहिली, पण बाकीच्या शहराचे ताट दहा-पंधरा वर्षांत निर्वासितांनी बदलून टाकले.

पाऊणशे वर्षांच्या राजकारणाने जे साधले नाही, ते दहा वर्षांच्या निराश्रितपणाने साधले. याचे एक कारण उघड आहे. ज्याला परत जावयाचे नाही तो गावाला आपले करतो. ज्याची बदली ठरलेली असते तो बोचके बांधूनच बसलेला असतो. मराठी वकिलाने पत्राच्या माथ्यावर ‘मुक्काम दिल्ली’ लिहिले, ते अक्षरशः खरे होते. मन पुण्यात आणि शरीर मुक्कामावर. आपणांपैकी पुष्कळांची अवस्था आजही याहून फारशी निराळी नसते. तांदूळ गावाकडून आणावयाचे, गोडा मसाला पार्सलने मागवावयाचा, रविवारी महाराष्ट्र सदनाच्या उपाहारगृहात थालीपीठ किंवा साबुदाण्याची खिचडी खावयाची, गणेशोत्सवात पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनाकडे वळावयाचे, आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी पुण्याचे तिकीट काढावयाचे. या आपुलकीत वावगे काही नाही. परमुलखात भाषा आणि चव जपली नाही तर घरातल्या मुलांना दोन्ही पारखी होतात.

परंतु बदलीचे कारण पुढे करून सर्व काही झटकता येत नाही, हे दर्गाह कुली खानाच्या उदाहरणावरून दिसते. तोही चाकरीवर होता, त्यालाही दक्षिणेस परतावयाचे होते; तरी त्याने शहर डोळे उघडे ठेवून पाहिले. आपल्याच लोकांत चिंतामणराव देशमुखांचे उदाहरण आहे. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. तथापि दिल्लीशी संबंध तोडला नाही. लोदी बागेशेजारी १९६२ साली उघडलेल्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे ते संस्थापक अध्यक्ष. देशोदेशींचे विद्वान आजही तेथे एका छपराखाली बोलतात आणि एका मेजावर जेवतात. मराठी अधिकाऱ्याच्या मनात येईल तर तो परक्या शहराला काय देऊ शकतो, याचे हे उत्तर आहे.

संमेलनाचा प्रतिनिधी तीन दिवसांनी परततो. त्याने किल्ला पाहिला, जिलबी खाल्ली आणि तालकटोऱ्याला मनोमन नमस्कार केला तरी त्याचे कर्तव्य झाले. आपणांस येथे तीन, पाच, कधी वीस वर्षे मिळतात. तेवढ्या अवधीत खारी बावलीचा दुकानदार, रिजवरचा अशोकस्तंभ, शेजारच्या पंजाबी आजीबाईंचा तंदूर आणि तिच्या सुटलेल्या गावाची हकीकत यांची ओळख करून घ्यावी, आपल्या पुरणपोळीचे ताट तिच्या घरी पाठवावे आणि जे पाहिले ते मराठीत लिहून ठेवावे. वकिलांच्या पत्रांनी दिल्लीच्या राजकारणाचा इतिहास वाचविला. त्या पत्रांत जी जागा कोरी राहिली आहे ती भरून काढण्याचे काम त्याच पेशातील वारसांकडे येते, आणि त्यासाठी पुण्याच्या आज्ञेची वाट पाहण्याचे आता कारण उरलेले नाही.